गैरहजर पोराची चौकशी

स्किपॉल विमानतळाच्या एका धावपट्टीचं नाव बुइटनव्हेल्डर्टबान. जवळच्या वस्तीवरून ठेवलेलं. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायला काही दिवस उरलेले असताना या विमानतळावर अधूनमधून एक वेगळी तपासणी होते. तपासणाऱ्यांना सोनं नको असतं, सिगारेटी नको असतात. शाळेच्या वयाचं मूल आईबापांबरोबर रांगेत उभं आहे आणि शाळा तर अजून चालू आहे, हे कसं, एवढाच त्यांचा प्रश्न. मुख्याध्यापकांनी दिलेली रजा कागदावर दिसली तर ठीक. नाही तर नाव लिहून घेतलं जातं आणि मागाहून दंडाची चिठ्ठी घरी येते. साधारणपणे मुलामागे दिवसाला शंभर युरो. आठवडाभर आधीचं तिकीट स्वस्त मिळत होतं, हे कारण चालत नाही.

बुइटनव्हेल्डर्ट हा ॲमस्टरडॅमच्या दक्षिण टोकाचा भाग. कॉर्नेलिस व्हॅन एस्तेरेन यांच्या १९३४ च्या विस्तार आराखड्यात तो कागदावर आला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्यक्षात उभा राहिला. सरळ रेषेत मांडलेल्या इमारती, मधे हिरवळ, गेल्डरलांडप्लेन नावाचा बाजार. उत्तरेला बँका आणि कंपन्यांचे मनोरे, शेजारी फ्राये विद्यापीठ, दक्षिणेला आम्स्टलव्हेन. नोकरीसाठी आलेली भारतीय कुटुंबं या सगळ्या पट्ट्यात मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून आलेली मराठी घरंही आहेत. शाळेच्या बाबतीत त्यांना पहिला धक्का बसतो तो शिक्षणाच्या दर्जाचा नव्हे, हजेरीचा. दिवाळीला एक दिवस घरी राहायला हरकत नसते, कारण धार्मिक सणाची सूट कायद्यातच आहे. फक्त दोन दिवस आधी शाळेला कळवायचं. पण मूल हुशार आहे, चार दिवस बुडाले तरी भरून काढेल, हा आपल्याकडे सर्रास चालणारा युक्तिवाद तिथे कोणी ऐकून घेत नाही.

यामागे एक यंत्रणा आहे. नेदरलँड्समध्ये शाळा बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवशीच सुरू करतात. सक्ती पाचव्या वर्षापासून लागू होते आणि सोळाव्या वर्षापर्यंत चालते. त्यानंतरही मूल मोकळं सुटत नाही. किमान पात्रतेचं प्रमाणपत्र हातात नसेल, तर अठरा पूर्ण होईपर्यंत कुठे ना कुठे शिकत राहावंच लागतं. गावात कोण राहतं याची नोंद नगरपालिकेकडे असते, शाळेत कोण आहे याची नोंद शिक्षण खात्याकडे. दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की कुठल्या पत्त्यावरचं मूल कुठल्याच पटावर नाही, हे दिसतं. चार आठवड्यांत सोळा तास विनापरवाना गैरहजेरी झाली की शाळेला वर कळवावंच लागतं, आणि नगरपालिकेचा अधिकारी दारात येतो. कागदपत्रं नसलेल्या, देशात राहण्याचा परवाना नसलेल्या कुटुंबाच्या मुलालाही शाळेचा हक्क आहे. १९९८ च्या कायद्याने अशा कुटुंबांच्या बहुतेक सरकारी सोयी बंद केल्या, पण अठराखालच्या मुलांचं शिक्षण त्यातून वगळलं.

जगाचा हिशोब याच्यासमोर ठेवला की दरी दिसते. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातली २५ कोटी १० लाख मुलं आणि तरुण शाळेबाहेर आहेत. गरीब देशांत शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ३३ टक्के शाळेबाहेर. श्रीमंत देशांत ३ टक्के. शाळेबाहेरच्या या मुलांपैकी निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. पहिलीत नाव घालण्याच्या बाबतीत गरीब देशांनी गेल्या काही दशकांत मोठी मजल मारली. खरी गळती पुढे होते, बारा-तेरा वर्षांनंतर. वय वाढतं तशी फी वाढते, शाळा लांब जाते आणि मुलाच्या हाताची किंमतही वाढते.

आकडे वाचताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. ‘एकूण पटनोंदणी प्रमाण’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात शाळेत बसलेल्या सगळ्यांना, मग त्यांचं वय काही असो, त्या इयत्तांच्या ठरीव वयाच्या मुलांच्या संख्येने भागलेलं असतं. नापास होऊन पुन्हा बसलेले, उशिरा आलेले, व्यवसाय शिक्षणातले प्रौढ असे सगळे वरच्या बाजूला मोजले जातात. म्हणून नेदरलँड्सचा माध्यमिकचा आकडा शंभरच्या बराच वर जातो. याचा अर्थ तिथे मुलांपेक्षा विद्यार्थी जास्त आहेत असा नाही. आणि आपल्याकडे हा आकडा ऐंशी असला, तर शंभरातली ऐंशी मुलं नेमक्या वयाला नेमक्या वर्गात आहेत असाही नाही.

श्रीमंत देशांच्या शाळा भरलेल्या असतात कारण ते श्रीमंत आहेत, असं म्हणून विषय संपवता येतो. इतिहास मात्र तसं म्हणू देत नाही. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक अँगस मॅडिसन यांनी जुन्या-नव्या देशांचं दरडोई उत्पन्न एकाच मापाने मोजलं. त्या मापाने १९०० सालचं नेदरलँड्स आणि २०१० च्या सुमाराचा भारत जवळपास एकाच पायरीवर येतात. आणि १९०० हेच ते वर्ष, ज्या वर्षी डच संसदेने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला.

केला म्हणजे कसाबसा केला. ३० मार्च १९०० रोजी कनिष्ठ सभागृहात मतदान झालं तेव्हा बाजूने ५० आणि विरोधात ४९ मतं पडली. विरोधकांतले एक सदस्य, शिमेलपेनिंक घराण्यातले सरदार, घोड्यावरून पडल्यामुळे येऊ शकले नव्हते. ते आले असते तर विधेयकाचं काय झालं असतं, यावर डच लोक अजून गमतीने बोलतात. विरोध करणारे सगळे काही अडाणी नव्हते. मुलावर हक्क बापाचा की सरकारचा, हा धार्मिक पक्षांचा आक्षेप होता. शेतकऱ्यांना हंगामात पोरांचे हात हवे होते. म्हणून कायद्यात पळवाटाही ठेवल्या गेल्या. सक्ती जेमतेम सहा वर्षांची, शेतीच्या हंगामात मुलांना काही आठवडे सूट, घरकामात हातभार लावणाऱ्या मुलींनाही सूट. पळवाटा एकेक करून बुजवायला शतक गेलं. १९६९ च्या कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी सक्ती सोळा वर्षांपर्यंत नेली. अठरा वर्षांची अट तर २००७ ची.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे डचांनी आपल्या वसाहतीत, सुरिनाममध्ये, १८७६ सालीच सक्तीचं शिक्षण आणलं होतं. तीन वर्षांपूर्वीच तिथे कलकत्त्याहून ‘लल्ला रूख’ जहाज भारतीय मजुरांना घेऊन पोचलं होतं. मालकाच्या घरात नसलेला कायदा मळ्यावर आधी लागू झाला. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण सक्तीला पैसा आधी लागतो हे म्हणणं इथेही लंगडं पडतं.

आता आपल्याकडे. मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी जपून केलेली: सहा ते दहा वयाची मुलं, तीही फक्त मुलगे, तीही त्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जात असतील आणि स्थानिक संस्था तयार असेल तरच. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये ती राज्यभर नेली होती. गोखल्यांच्या हाती ते जिवंत उदाहरण होतं. उपयोग झाला नाही. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. इथे कोणी घोड्यावरून पडून काही फरक पडणार नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्याच सुमारास मुंबई इलाख्याचाही कायदा झाला. पण अख्ख्या देशाला लागू होणारा हक्क यायला २००९ साल उजाडलं. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे.

चौदापर्यंतच. माध्यमिक शाळा खऱ्या अर्थाने जिथून सुरू होते, नेमका तिथे कायदा थांबतो.

आकडे हेच सांगतात. सरकारच्या २०२१-२२ च्या नोंदींनुसार देशात सहावी ते आठवीचं एकूण पटनोंदणी प्रमाण ९४.७ होतं, नववी-दहावीला ते ७९.६ वर आलं आणि अकरावी-बारावीला ५७.६ वर. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था. तिने ‘असर’ पाहणीसाठी २०२३ मध्ये देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत घरोघरी जाऊन विचारलं, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलांपैकी ३.९ टक्के कुठेच शिकत नव्हती. अठरा वर्षांच्यांत हेच प्रमाण ३२.६ टक्के. चार वर्षांत आठपट. त्याच चार वर्षांत बुइटनव्हेल्डर्टच्या मुलामागे अधिकारी लागलेला असतो.

या चार वर्षांत नेमकं काय घडतं ते पाहायला बीड जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पेंढी, शेळी आणि पोरं चढतात, आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला सगळा भाग, परीक्षेच्या तोंडापर्यंत, फडात जातो. लहान पोर कोपीपाशी भावंडं सांभाळतं. तेरा-चौदाचा झाला की मोळ्या बांधू लागतो, आणि पुढच्या एखाद्या हंगामात स्वतःच अर्धा कोयता होतो. रस्त्यावर त्या ट्रॉलीला अडवून, हा मुलगा सातवीत आहे ना, मग निघाला कुठे, असं विचारणारा कोणी नसतो.

कोणीच काही केलं नाही असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. मुलांना गावातच आजी-आजोबांपाशी ठेवून जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहं निघाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेने घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारे शिक्षक शाळाबाह्य मुलं शोधून आणू लागले, आणि त्यांतल्या काहींनी मुलांसाठी थेट दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यांपर्यंत धाव घेतली. यातलं बरंचसं मात्र आठवीपर्यंतच्या मुलांसाठी होतं, कारण कायद्याचा आधार तिथपर्यंतच. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, पाचवीपासून पुढच्या शिक्षणासाठी. चौदाची भिंत ओलांडणारी योजना म्हणून ती महत्त्वाची.

मुलींचं गणित याहून कठीण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा व्हायच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के, परभणीत ४८. गावात सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर, आईबाप सहा महिने बाहेर, आणि घरात वयात आलेली मुलगी. तिला एकटं ठेवायचं कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न लग्नाने सुटतो, आणि जोडी जमली की कोयताही पूर्ण होतो. एसटीचा मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमातली सायकल, या दोन गोष्टींनी महाराष्ट्रातल्या मुलींसाठी जेवढं केलं तेवढं अनेक भाषणांनी मिळून केलं नसेल. पण सायकल अंतर कमी करते. आईबाप घरी नाहीत हे तिच्याने सुटत नाही.

इथे ॲमस्टरडॅमपेक्षा बांगलादेशाकडे पाहणं जास्त उपयोगी आहे. चांदपूर भागात १९८२ साली तिथे मुलींसाठी माध्यमिक शिष्यवृत्तीचा छोटा प्रयोग झाला आणि १९९४ पासून तो सगळ्या ग्रामीण भागात नेला. पैसे मुलीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा होत. अटी तीन: पंचाहत्तर टक्के हजेरी, परीक्षेत पंचेचाळीस टक्के गुण, आणि लग्न झालेलं नसणं. रक्कम फार मोठी नव्हती. तरी काही वर्षांतच माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलग्यांच्या बरोबरीला येऊन पुढेही गेली. बालविवाह संपला का? नाही, आजही तिथे तो मोठ्या प्रमाणावर होतो. पण घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की विरुद्ध बाजूला ठेवायला एक रोकडी गोष्ट आली.

घानाने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये उच्च माध्यमिक शाळा मोफत केल्या. मुलांचा असा लोंढा आला की बाकं पुरेनात. पुढच्याच वर्षी अनेक शाळांना मुलांचे दोन गट पाडून आळीपाळीने शाळेत बोलवावं लागलं. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे पालुपद म्हणणाऱ्यांनी तो लोंढा लक्षात ठेवावा. उलट टोकाला अफगाणिस्तान. तिथे २०२१ च्या सप्टेंबरपासून मुलींना माध्यमिक शाळेची दारंच बंद आहेत, आणि त्या बंदीचा देशाच्या तिजोरीशी संबंध नाही.

डच व्यवस्थेत मूल टिकतं त्याचं आणखी एक कारण आहे, आणि तेच बुइटनव्हेल्डर्टमधल्या मराठी आईबापांच्या झोपेचं खोबरं करतं. बाराव्या वर्षी, प्राथमिकच्या शेवटी, शाळा सल्ला देते: सहा वर्षांची विद्यापीठाकडे नेणारी वाट, पाच वर्षांची मधली, की चार वर्षांची व्यवसायाकडे नेणारी. निम्म्याच्या आसपास मुलं तिसऱ्या वाटेने जातात. ज्या घरांत सायन्सखेरीज दुसरं काही ऐकलेलं नसतं, तिथे हा सल्ला म्हणजे नापासाचा शिक्का वाटतो. प्रत्यक्षात सुतारकाम, शुश्रूषा, यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या या मुलांसाठी पुढे एक सोयही आहे: आठवड्यातले चार दिवस पगारी काम, एक दिवस शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची आठवण व्हावी अशी. फरक एवढाच की त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातली मुलं कमवून शाळा चालवत होती, आणि इथे कामच शाळेचा भाग आहे. पुस्तकात मन न लागणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलापुढे शाळा की रोजगार असा प्रश्न उभा राहत नाही. आपल्याकडे दहावीत गणितात अडकलेल्या मुलाला आयटीआयची वाट आहे खरी, पण तिच्याकडे घर आणि समाज दोन्ही खालच्या नजरेने बघतात.

या व्यवस्थेची आरतीही ओवाळायला नको. सारख्याच हुशारीच्या मुलांपैकी कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांना खालच्या वाटेचा सल्ला मिळतो, हे डच शिक्षण निरीक्षकांनीच २०१६ मध्ये जाहीरपणे मांडलं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना पुरेसं नीट वाचता येत नव्हतं. पटावर नाव आणि डोक्यात अक्षर यांच्यात अंतर असतं, श्रीमंत देशातसुद्धा. शिवाय पैशाची दरी देशादेशांत असते तशी एका गल्लीतही असते: कंपनी फी भरते म्हणून काही परदेशी मुलं वर्षाला हजारो युरोंच्या इंग्रजी शाळेत जातात, आणि बाकीची डच शिकवणाऱ्या जोडवर्गातून सरळ स्थानिक शाळेत.

ॲमस्टरडॅमचे स्वतःचे माध्यमिक तंटे तर आपल्याला चैनीचे वाटावेत. २०१५ पासून तिथे प्रवेश सोडत आणि पसंतीक्रमाच्या गणिती पद्धतीने होतात. पहिल्याच वर्षी काही पालकांनी आपापसांत जागा बदलून मिळाव्यात म्हणून थेट न्यायालय गाठलं, आणि हरले. प्रश्न होता मूल कुठल्या शाळेत जाणार, हा.

भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिकपर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचं उद्दिष्ट ठेवलं आहे. शिक्षण हक्काची वयोमर्यादा मात्र चौदावर आहे तिथेच आहे. दरम्यान २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेत महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. फेरपरीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहू शकतं. फडावरून मार्च-एप्रिलमध्ये परतणारं मूल आठवीच्या या परीक्षेला बसेल तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक शाळा बुडालेली असेल, आणि त्याचं वय असेल तेरा किंवा चौदा.